स्कॉटिश पूर्वज शोधताना मागे कसं जायचं?

स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली. त्याआधीचा शोध पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, नोंदवह्यांत घ्यावा लागतो. पण थेट तिथे उडी मारू नका. 1855 नंतर वारलेला पूर्वज आधी गाठा, कारण मृत्यूच्या दाखल्यात त्याच्या आई-वडिलांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट, सापडतात. खुद्द 1855 चा दाखला हाती लागला तर नशीबच! त्यात मुलांची नावं-वयं आणि दफनाची जागासुद्धा लिहिलेली असते.

हे सगळं ‘स्कॉटलंड्स पीपल’ या अधिकृत संकेतस्थळावर आहे.

पॅरिशच्या वहीत बाप्तिस्मा नाही म्हणून मूल जन्मलंच नाही, असं मुळीच धरू नका. 1783 ते 1794 या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे गरिबांनी नोंदच टाळली. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि त्यातून निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेलेल्या कुटुंबांच्या नोंदी वेगळ्या वह्यांत गेल्या. दफनाच्या नोंदी तर फारच तुटपुंज्या. कधी कधी शवपेटीवर घालायचं कापड भाड्याने दिल्याचा हिशेब एवढाच मृत्यूचा पुरावा उरतो. तो हिशेब आणि ‘कर्क सेशन’ची, म्हणजे स्थानिक चर्च पंचांच्या बैठकांची इतिवृत्तं जरूर चाळा. अनौरस मुलाच्या बापाचं नाव अनेकदा तिथल्या चौकशीतच सापडतं.

आणि पूर्वज-स्त्रीला माहेरच्या आडनावाने शोधा. जुन्या स्कॉटिश नोंदींत लग्नानंतरही तेच लिहीत.