‘ओशाळणे’ वापरताना या चुका टाळा

‘मी खूप लाजिरवाणा आहे.’ भाषांतरित मजकुरात असलं वाक्य आलं की अर्थाचा पार विचका होतो. म्हणायचं असतं ‘मला ओशाळल्यासारखं झालं’. लाजिरवाणी असते ती घटना: लाजिरवाणा पराभव, लाजिरवाणा प्रकार. ओशाळवाणा होतो तो चेहरा, ओशाळवाणं असतं ते हसू. ‘लाजरं हसू’ तिसरंच, ते नव्या नवरीचं. ही विशेषणं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चूक उघडी पडल्यावरही ‘तो लाजला’ लिहू नका. वाचकाला गालावरची लाली दिसते, मनातली टोचणी दिसत नाही.

समजा, पाचशेच्या नोटेचे सुटे मिळाले नाहीत म्हणून गिऱ्हाईक दुकानदारावर आवाज चढवतं. दुकानदार म्हणतो, ‘काका, वरच्या खिशात बघा.’ पैसे तिथेच! चढलेला आवाज खाली येतो, ते वरमणं. त्याला आधी राग किंवा ताठा लागतो, नुसत्या भिडस्त माणसाला ‘वरमला’ म्हणता येत नाही. मग नजर चुकवत ‘अरे, हो की’ म्हणून हसणं, ते ओशाळणं. रांगेतले चारजण बघत असतात आणि तोंड एवढंसं होतं, तेव्हा तो खजील झाला. ओशाळणं आणि खजील होणं यांची सीमा तशी पुसट आहे. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाची पायरी चढवत नाही, तो संकोच. संकोच कृतीच्या आधी येतो, ओशाळणं नंतर.

व्याकरणातही घसरायला होतं. ‘ओशाळणे’ अकर्मक आहे, म्हणून ‘त्याने ओशाळले’ नव्हे, ‘तो ओशाळला’, ‘ती ओशाळली’. दुसऱ्याने आपल्यावर ती वेळ आणली तर ‘मला खजील केलं’ म्हणा. मूळ अरबी ‘खजील’ लिंगवचनाने बदलत नाही, आणि त्यातला ‘जी’ दीर्घच. ‘कानकोंडा’ मात्र बदलतो: कानकोंडा, कानकोंडी, कानकोंडं.

ओशाळायला चूक लागतेच असं नाही, हे बरेचजण विसरतात. ‘ओशाळा’ म्हणजे मिंधाही. शेजारच्या आजींनी आजारपणात आठ दिवस डबा दिला आणि पैसे घेतले नाहीत, तर त्यांच्यापुढे माणूस ओशाळतो. इथे ‘खजील झालो’ लिहिलंत, तर आजींनी तुमची काहीतरी लबाडी पकडली असं वाटेल.