पिक्चर बघून झाल्यावर आपलं मत नीट कसं लिहायचं

सोलापुरात पिक्चर बघणाऱ्यांची कमी नाही, पण बघून आलेल्या माणसाला विचारा कसा होता, तर "भारी" नाहीतर "बोअर" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण साध्या प्रेक्षकाकडं सांगण्यासारखं लई असतं.

तर पहिलं काम म्हणजे त्याच रात्री, यूट्यूबवर दुसऱ्या कुणाचा रिव्ह्यू बघायच्या आधी, मोबाईलमध्ये टिपून ठेवा की कुठला सीन डोक्यात राहिला, कुठं हात आपोआप मोबाईलकडं गेला आणि काय कळलंच नाही. स्टोरी लिहू नका, ती सगळीकडं मिळते. अर्ध्यात उठून आला असाल तर तसंही लिहा, कुठं उठलो आणि का उठलो, ते पण मतच आहे.

दुसरं, जे आपल्याला माहितीये तिथनं बोला. २०१६ चा सैराट घ्या. नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्या पिक्चरमधली बोली, ते उजनीच्या बाजूचं रान आपण रोज बघतो ऐकतो, मग आर्चीचं बोलणं खरं वाटतं का हे आपल्याइतकं पुण्या-मुंबईचा समीक्षक सांगू शकणार नाही. तसंच ज्याच्या घरात मागाचा खडखडाट ऐकत पोरं मोठी झाली त्यानं पडद्यावरचा माग हातमाग दाखवलाय का पॉवरलूम, कामगाराचा हात बरोबर फिरतोय का, हे जरूर लिहावं. माझ्या मते सगळ्यात वाचण्यासारखी मतं हीच असतात.

कुठं आणि कुठल्या भाषेत बघितला हेही सांगा. भागवत थिएटरला गर्दीत शिट्ट्यांच्या आवाजात बघितलेला पिक्चर आणि रात्री हेडफोन लावून बघितलेला पिक्चर यात फरक पडतो. आपल्याकडं पूर्व भागात तेलुगू पिक्चर मूळ भाषेत बघणारी घरंच्या घरं आहेत, बाकीचे हिंदी डबिंग बघतात, आणि डबिंगमध्ये विनोद आणि शिव्या दोन्ही बऱ्याचदा गुळगुळीत होऊन जातात. शेजारच्या अण्णांना विचारा की त्या डायलॉगला थिएटर का हसलं, आणि ते लिहा.

खऱ्या माणसावरचा पिक्चर असला की दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, माणूस आणि पिक्चर. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले एक, तिथंच क्वो छिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच वारले, वय फक्त ३२. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटणीस की अमर कहानी काढला, स्वतःच कोटणीस झाले आणि नायिकेचं काम जयश्री यांनी केलं. म्हणजे माणूस जाऊन चार वर्षं झालेली, देश अजून पारतंत्र्यात, अशा वेळी काढलेला पिक्चर आहे तो. कोटणीसांबद्दलचा आदर मनात असतोच, पण त्यामुळं पिक्चरला आपोआप मार्क देऊ नका. आधी भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक बघून या आणि मग पिक्चर बघा, काय घेतलं काय सोडलं ते आपोआप दिसायला लागतं.

आता डॉक्युमेंटरी, इथं मात्र जास्त लक्ष द्यायचं, कारण डॉक्युमेंटरी म्हणलं की आपण समोरचं सगळं खरं धरून बसतो. नानूक ऑफ द नॉर्थ ही १९२२ ची रॉबर्ट फ्लॅहर्टीची फिल्म बघा, बर्फातल्या माणसाची, अजून बघवते. पण त्या माणसाचं खरं नाव नानूक नव्हतंच, अलाकारिआलाक होतं, आतलं शूटिंग करायला उजेड पाहिजे म्हणून अर्धं उघडं इग्लू बांधलं होतं, आणि तोवर ती लोकं शिकारीला बंदूक वापरायला लागली होती तरी भाल्यानं शिकार करायला लावली. मला ती फिल्म तरीही आवडते, पण हे माहिती असून आवडते. उलट बाजूला आनंद पटवर्धन यांची जय भीम कॉम्रेड, १९९७ च्या मुंबईतल्या रमाबाई नगरमधल्या पोलीस गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला तिथनं सुरू झालेली आणि १४ वर्षं शूट केलेली. घोगरे पटवर्धनांच्या आधीच्या एका फिल्ममध्ये गायले होते, म्हणजे ओळख जुनी. एवढा वेळ दिला म्हणून लोकं कॅमेऱ्यासमोर इतकी मोकळी दिसतात असं मला वाटतं. म्हणून प्रत्येक डॉक्युमेंटरीला विचारायचं की कॅमेरा तिथं किती दिवस होता, कोण बोललं आणि कोणाला बोलूच दिलं नाही, रडवणारं म्युझिक काढून टाकलं तर तो सीन उभा राहतो का. उत्तर सापडलं नाही तर प्रश्नच लिहा.

शेवट फोडू नका. सैराटच्या शेवटी सगळं शांत होतं एवढं सांगितलं तरी पुरतं.

सुरुवात करायला तीन तासांचा पिक्चर नको. फिल्म्स डिव्हिजनची आय अ‍ॅम ट्वेंटी बघा, १९६७ ची, एस. एन. एस. शास्त्री यांची, १९४७ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली पोरंपोरी विसाव्या वर्षी देशाबद्दल काय बोलतात ते आहे त्यात, छोटीच आहे. त्यातला एकच चेहरा निवडा, तो काय बोलला आणि तुम्हाला का पटला किंवा नाही पटला, एवढ्यावर दहा ओळी लिहा आणि घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा.