गाठ असलेल्या हॅमस्टरची स्वच्छता आणि शुश्रूषा

निरोगी हॅमस्टर जागा असताना बराच वेळ स्वतःचे अंग साफ करण्यात घालवतो. सांगलीत आमच्या घरी चिंगी नावाची सीरियन जातीची मादी होती. दीड वर्षाची असताना तिच्या डाव्या जांघेत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली आणि दोन महिन्यांत ती सुपारीएवढी झाली. रोज संध्याकाळी उठल्यावर ती मागच्या पायांवर बसे, पुढचे पंजे चाटून तोंड पुसे, कानांमागून हात फिरवी, इथपर्यंत सारे नेहमीसारखे होई. नंतर ती डाव्या कुशीकडे वळली की गाठ आड येई आणि तिचा तोल जाई. दोनदा उठून पुन्हा प्रयत्न करी, तिसऱ्यांदा मात्र अंग तसेच सोडून घरट्यात परते. आठवडाभरात जांघेतले केस लघवीने चिकट झाले आणि खालची कातडी लाल दिसू लागली. गाठ बरी करणे आपल्या हातात बहुधा नसते, पण त्या प्राण्याकडून जे काम होईनासे झाले आहे ते आपण त्याच्यासाठी नक्की करू शकतो, आणि उरलेले दिवस सुखाचे जातात की त्रासाचे हे बरेचसे त्यावरच ठरते.

प्रथम ती गाठच आहे ना, हे पाहावे. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर एकेक काळपट ठिपका असतो. त्या वासाच्या ग्रंथी असतात आणि वय वाढल्यावर केस विरळ झाले की त्या अचानक उठून दिसतात. ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातींत अशी ग्रंथी पोटाच्या मध्यभागी असते. नराचे वृषण शरीराच्या मानाने मोठे असल्याने अनेकजण त्यांनाच गाठ समजून घाबरतात. गालाजवळचा फुगवटा साठवलेल्या दाण्यांचा असू शकतो, मात्र तो दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर गालपिशवीत अन्न अडकले असावे किंवा पू झाला असावा. एकाच बाजूला असलेली, आठवड्यागणिक वाढणारी गाठ मात्र डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

आपल्या भागातील बहुतेक पशुवैद्यांचा दिवस गाई, म्हशी, शेळ्या आणि कुत्री यांच्यात जातो, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून ते हॅमस्टर तपासतात का आणि इतक्या लहान प्राण्याला वायूची भूल देण्याची सोय आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. पुणे-बंगळुरू महामार्गावर सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथेही अशीच आगाऊ चौकशी करता येते. गाठ लहान, सुटी आणि वरवरची असताना काढणे सोपे असते, ती फोफावल्यावर रक्तस्रावाचा आणि भुलीचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी हॅमस्टरला उपाशी ठेवू नये, कारण त्याला उलटी होत नाही आणि उपवासाने उलट तो खचतो. सीरियन हॅमस्टरचे आयुष्य साधारण दोन ते अडीच वर्षांचे असते. त्यामुळे दोन वर्षांच्या प्राण्यावर शस्त्रक्रिया न करता केवळ वेदना कमी ठेवण्याचा निर्णय घेतला, तर त्यात निष्काळजीपणा आहे असे मी मानत नाही.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविके हॅमस्टरच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मारतात, मग घातक जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. घरातील मुलाचे उरलेले सिरप थेंबभर देणेही म्हणून जिवावर बेतते. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली तरी औषधाचे नाव विचारावे. त्यात त्यांचा अवमान नाही.

आता स्वच्छतेकडे वळू. हॅमस्टरला कधीही आंघोळ घालू नये, कारण त्याने केसांतील नैसर्गिक तेल जाते आणि ओल्या अंगाने एवढासा जीव गारठतो. बेबी शाम्पू, टाल्कम पावडर, खोबरेल तेल यांपैकी काहीच लावू नये. तेलाने केस अधिकच चिकटतात आणि लावलेले सारे शेवटी त्याच्या पोटात जाते. जे घाण झाले आहे तेवढेच पुसायचे, हा नियम.

यासाठी संध्याकाळी तो आपणहून उठण्याची वाट पाहावी, कारण झोपेतून उठवलेला हॅमस्टर हमखास चावतो. जमिनीवर मांडी घालून बसावे, म्हणजे हातातून निसटला तरी उंचावरून पडणार नाही, आणि मांडीवर मऊ टॉवेल घ्यावा. गाठीवर दाब येऊ न देता त्याला तळहाताच्या ओंजळीत टेकवावे. कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळावा. तो चिकटलेल्या केसांवर क्षणभर धरून ठेवावा, म्हणजे घाण सैल होते, आणि मग केसांच्या दिशेने अलगद पुसावे. लगेच कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यावे. हेअर ड्रायर वापरू नये. पाठीच्या कोरड्या केसांसाठी लहान बाळाचा अगदी मऊ टूथब्रश उत्तम. पाठीवरून तो फिरवला की चिंगी डोळे अर्धवट मिटून थांबत असे. एका वेळी तीन-चार मिनिटे पुरेत. उरलेले दुसऱ्या दिवशी करावे.

केसांच्या गुठळ्या झाल्या असतील तर त्या ओढू नयेत. गुठळी आणि कातडी यांच्या मधोमध बारीक फणी सरकवावी आणि फणीच्या वरूनच बोथट टोकाच्या कात्रीने कापावे. हॅमस्टरची कातडी इतकी पातळ आणि सैल असते की फणी न घालता कापल्यास तीच कात्रीत येते. जांघेतील केस असेच आखूड ठेवले की लघवी साठत नाही आणि पुढचा निम्मा त्रास टळतो. चालणे कमी झाल्याने नखेही वाढतात. उजेडात धरल्यावर आत गुलाबी शीर दिसते, तिच्या बरेच अलीकडे फक्त टोक कापावे.

कोरडे अंग त्याला लोळून साफ करता यावे म्हणून पसरट भांड्यात बारीक, धूळविरहित वाळू ठेवावी. मात्र गाठीवर जखम असेल तर वाळू लगेच काढून घ्यावी. गाठीवरची कातडी ताणून फुटू शकते. अशा वेळी सलाईनने पुसून स्वच्छ गॉजने पाच मिनिटे हलका दाब द्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण सव्वाशे ग्रॅमच्या प्राण्याच्या अंगात सारे मिळून दोन चहाचे चमचेच रक्त असते. सांगलीत जखम म्हटली की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, पण येथे ती लावू नये. पिवळ्या लेपाखाली कातडी लाल झाली की काळी पडली, हे कळत नाही.

पिंजऱ्यातील माड्या आणि शिड्या काढून सारे एका पातळीवर आणावे. लाकडाचा भुसा जखमेत अडकतो, म्हणून सुगंध नसलेल्या पांढऱ्या टिश्यू पेपरच्या पट्ट्यांचा जाड थर द्यावा. ओली जागा रोज बदलावी, पण घरट्यातील थोडा कोरडा कागद तसाच ठेवावा, कारण स्वतःचा वास पार नाहीसा झाला की तो अस्वस्थ होतो. पावसाळ्यात हे अधिक कटाक्षाने पाळावे. ओल्या, घाण केसांवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात, म्हणून जून ते सप्टेंबर पिंजऱ्यावर बारीक जाळी टाकावी. मऊ अन्नाला मुंग्या लागतात. त्यासाठी दुधाचे पातेले ठेवतो तसा पिंजरा पाण्याच्या परातीत विटांवर ठेवावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा शहाबादी फरशीचा गार तुकडा आत ठेवावा, पंख्याचा झोत मात्र थेट नको.

खाण्यात बाजरी, ज्वारी, राळे चालू ठेवावेत आणि जोडीला बिनमिठाचे शिजवलेले ओट्स किंवा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग वाटाण्याएवढा द्यावा. तासगावचे बेदाणे घरात असतातच, तरी ते देऊ नयेत. ते गालपिशवीत चिकटतात आणि ड्वार्फ जातींना मधुमेहाचा धोका असतो. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. पण केवळ काट्यावर विसंबू नये, कारण गाठ वाढत असते तेव्हा अंग झडूनही आकडा तसाच राहतो. पाठीवरून बोट फिरवावे. मणके टोचू लागले तर तो खंगतो आहे.

हिवाळ्यात तो सकाळी थंड आणि निपचित सापडला तर गेला असे लगेच धरू नये. गारठ्याने आलेली गुंगी असू शकते. त्याला हातांच्या उबेत अर्धा तास धरून श्वास पाहावा आणि डॉक्टरांना फोन करावा. मात्र तो आवडीचे खाणे सलग एक दिवस नाकारत असेल, उभाच राहू शकत नसेल, श्वास धापा टाकत घेत असेल किंवा स्वतःहून तोंडही पुसत नसेल, तर वेदनारहित मरणाविषयी डॉक्टरांशी बोलण्याची वेळ आली आहे. आधी वायूने पूर्ण भूल आणि मगच इंजेक्शन, असे करण्याची विनंती करावी. नेताना डब्यात त्याच्याच घरट्यातील कागद भरपूर घालावा, वर अंधार राहील असे कापड टाकावे, आणि भूल चढेपर्यंत त्याला त्याच कागदांत राहू द्यावे.