फॉरेनची पार्टनर नागपूरला येऊन राहिली? व्हिसाचं असं करा

लग्न झालं असेल तर एंट्री व्हिसाचा रस्ता वेगळा आहे, नुसतं भेटायला न् घरच्यांना दाखवायला आणायचं असेल तर ई-टुरिस्ट व्हिसा पुरतो, तिच्या देशाचं नाव यादीत आहे का तेवढं आधी बघा.

फॉर्म सरकारी साइटवरच भरा, गूगलवर वरती दिसणाऱ्या बऱ्याच साइट एजंटच्या असतात न् डबल पैसे घेतात. ३० दिवसांचा, १ वर्षाचा न् ५ वर्षांचा असे प्रकार आहेत. पासपोर्ट किमान ६ महिने व्हॅलिड पाहिजे, २ पानं कोरी, फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका, फी रिफंड होत नाही. भारतातला रेफरन्स विचारतात तिथे तुमचं नाव, पत्ता, फोन. स्टेटस ‘ग्रँटेड’ दिसल्यावरच तिकीट काढा, न् प्रिंट सोबत ठेवायला सांगा.

ई-व्हिसावर नागपूर एअरपोर्टलाही उतरता येतं, मुंबईतूनच एंट्री पाहिजे असं काही नाही.

आता लोक विसरतात ते. ती हॉटेलात न राहता तुमच्या धरमपेठच्या घरी राहणार असेल तर २४ तासांत फॉर्म सी (परदेशी पाहुणा घरी राहतोय हे सरकारला कळवायचा फॉर्म) ऑनलाइन भरावा लागतो, घरमालकाने. भाड्याने राहत असाल तर घरमालक काकांना आधीच विश्वासात घ्या, ऐन वेळी ‘ही कोण बाप्पा’ नको. अन् मे महिन्यात बोलावू नका हो, डिसेंबर बरा.