आर्क्टिक ताफ्यांवर लिहिताय? निदान या चुका टाळा

दिवाळी अंकांची धांदल सुरू झाली की दुसऱ्या महायुद्धावरचे लेख माझ्याकडे तपासायला येतात. त्यात आर्क्टिक समुद्रातून रशियाला रसद नेणाऱ्या दोस्तांच्या जहाज-ताफ्यांवरचा एखादा असतोच. बर्फ, अंधार, यू-बोट म्हणजे जर्मन पाणबुड्या, मसाला आयताच. चुकाही ठरलेल्या.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे ‘तिरपिट्झने पीक्यू-१७ ताफा बुडवला’. ही मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या पहिल्याच लेखात मी ऐटीत लिहिलं होतं की या अजस्र जर्मन युद्धनौकेने २४ जहाजं रसातळाला नेली. आठवड्याभरात मुंबईहून पोस्टकार्ड आलं, व्यापारी जहाजावरच्या एका निवृत्त चीफ इंजिनिअरांचं. ओळ एकच: ‘त्यातल्या एका जहाजाचं नाव कळवाल का?’ दोन रात्री शोधलं. एकही सापडेना, कारण तसं जहाज नव्हतंच.

झालं होतं असं. ४ जुलै १९४२ च्या रात्री ब्रिटिश नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल डडली पाउंड यांनी लंडनहून अर्ध्या तासाच्या आत तीन संदेश धाडले: रक्षणाच्या क्रूझर युद्धनौका पश्चिमेला न्या, ताफा पांगवा, ताफा विखरा. धास्ती तिरपिट्झची. ती तेव्हा नॉर्वेच्या आल्टाफियोर्डात होती. दुसऱ्या दिवशी निघाली आणि त्याच दिवशी माघारी वळली. इकडे क्रूझरांपाठोपाठ विनाशिकाही गेल्या आणि एकेकटी जहाजं यू-बोटींच्या आणि विमानांच्या तावडीत सापडली. काही जहाजं विमानांनी जायबंदी केली आणि पाणबुड्यांनी संपवली, तेव्हा सगळं श्रेय यू-बोटींना देणंही चूकच. रशियाला पोहोचली फक्त अकरा.

आणि हो, ‘पांगा’ आणि ‘विखरा’ हे एकच समजू नका. पहिल्या हुकुमात रांगा मोडायच्या, पण ज्याने त्याने आपापल्या वेगाने त्याच बंदराकडे जायचं. दुसऱ्यात दिशा फुटेल तिकडे पळायचं. धोका आता दिसेलच, असा त्याचा अर्थ ताफ्याने घेतला.

तेव्हापासून मी वहीत तीन रकाने आखतो: जहाज, तारीख, कोणी बुडवलं. नवी मंडळी हसतात, म्हणतात फोनवर दोन मिनिटांत मिळतं. मिळतं ना, तिरपिट्झसकट!

दुसरी लाडकी चूक म्हणजे ‘जुलैच्या काळ्याकुट्ट रात्री पाणबुडी वर आली’. अहो, त्या अक्षांशांवर जुलैत सूर्य मावळतच नाही! बॅटऱ्या भरायला त्या काळच्या पाणबुडीला पाण्यावर येऊन डिझेल इंजिन चालवावं लागे आणि उन्हाळ्यात ते लख्ख उजेडात, विमानांच्या नजरेसमोर. हिवाळ्यात अंधार मिळे. पण तेव्हा बर्फाची कड दक्षिणेला सरके आणि ताफ्यांना नॉर्वेच्या किनाऱ्याला, म्हणजे जर्मन तळांना, बिलगून जावं लागे. मी लेखात आधी महिना बघतो, मग प्रसंग.

‘ब्रिटिशांचं असडिक कुचकामी होतं’ हेही खोडा. असडिक म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारं यंत्र. अटलांटिकचं उबदार पाणी आणि ध्रुवाकडचं थंड पाणी तिथे थरांनी भेटतं. थरांमध्ये ध्वनी वाकतो आणि पाणबुडी थराखाली लपते. दोष यंत्राचा नाही, पाण्याचा.

बाकीच्या भराभर. ताफ्यांची सांकेतिक नावं: पीक्यू रशियाकडे जाणारा, क्यूपी परतीचा. १९४२ च्या डिसेंबरपासून तीच अनुक्रमे जेडब्ल्यू आणि आरए. रशियाच्या बंदरांपैकी हिवाळ्यात गोठतं ते अर्खांगेल्स्क, मुरमान्स्क नव्हे. ‘एडिनबरा’ या ब्रिटिश क्रूझरवरचं साडेचार टन सोनं रशियाला चाललं नव्हतं, तिथून निघालं होतं. आणि रशियाची सगळी रसद याच वाटेने गेली असं लिहू नका. या वाटेने साधारण पाव गेली, निम्मी पॅसिफिकमधून.

‘सगळे जीव घेऊन पळाले’ हे वाक्य तर मी लाल शाईने कापतो. पीक्यू-१७ मधल्या ‘आयरशायर’ या ट्रॉलरचा, म्हणजे ताफ्याच्या रक्षणाला लावलेल्या छोट्या मासेमारी-बोटीचा, कप्तान लिओ ग्रॅडवेल पेशाने बॅरिस्टर. त्याने तीन व्यापारी जहाजं बर्फात घुसवली, त्यांना पांढरा रंग फासायला लावला, डेकवरच्या रणगाड्यांच्या तोफा भरून ठेवल्या आणि तिन्ही जहाजं सुखरूप पोहोचवली.