अमेरिकेच्या वसाहतकाळातले अस्सल कागद कसे वाचावेत: आधी तारीख सोडवा

१६०७ ची जेम्सटाउनची वसाहत ते १७८९ मध्ये वॉशिंग्टनने घेतलेली अध्यक्षपदाची शपथ, हा सगळा काळ आता घरबसल्या अस्सल कागदांवरून वाचता येतो. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. पण या कामाबद्दल जो सल्ला सगळीकडे फिरतो, "१७५२ पूर्वीच्या तारखेत अकरा दिवस मिळवा, झालं", तो मनातून काढून टाका. तो अर्धवट आहे, आणि त्याच्या भरवशावर राहिलात तर दिवस नव्हे, अख्खे वर्ष चुकेल.

कागद मिळवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'फाउंडर्स ऑनलाइन'वर वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन यांच्या पत्रांचे तपासलेले पाठ आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळांवर मूळ पानांची छायाचित्रे दिसतात. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चेटूक-खटल्यांचे कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. सगळे फुकट.

अक्षर लावा. 'एफ'सारखा दिसणारा लांब 'एस' ओळखायला शिका. बिल ऑफ राइट्सच्या, म्हणजे अमेरिकी नागरिकांच्या हक्कांच्या सनदेच्या, मथळ्यातला 'काँग्रेस' हा शब्द त्याच्यामुळेच चमत्कारिक दिसतो. 'वाय' आणि 'ई' जोडून आले की 'द' वाचा. १७०० नंतरचे हस्ताक्षर दोन-चार पानांत डोळ्यांत बसते. त्याआधीचे छळते, म्हणून सुरुवात तिथून करू नका.

तारीख सोडवा. मी सर्वांत जास्त काळ अडकलो तो इथे. घाई अजिबात नको.

इंग्लंड आणि तिच्या वसाहती १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग (जुनी पद्धत; आजचे ग्रेगोरियन ही नवी पद्धत) वापरत होत्या हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांचे कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणजे ३१ डिसेंबर १६१९ च्या दुसऱ्या दिवशी १ जानेवारी १६१९ उजाडायचा, आणि २४ मार्चपर्यंत १६१९ च चालायचे. हा नियम डोक्यात नसेल तर कागदांचा क्रम उलटापालटा होतो.

व्हर्जिनियातला वसाहतवाला जॉन रॉल्फ याने लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीचा (वसाहत चालवणाऱ्या कंपनीचा) कारभारी एडविन सँडिस याला लिहिलेले पत्र घ्या. ऑगस्ट १६१९ अखेर व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला एक जहाज आले आणि त्यातून 'वीस आणि वर काही' आफ्रिकी माणसे उतरवली गेली, ही बातमी त्यात आहे. इंग्रज व्हर्जिनियातल्या गुलामगिरीचा इतिहास सांगताना हे पत्र टाळता येत नाही. आणि ते त्या काळच्या हिशेबाने जानेवारी १६१९ चे आहे! आजच्या डोळ्यांनी पाहिले तर घटनेच्या सात महिने आधीच बातमी लिहिलेली दिसते. अर्थात तो जानेवारी आपल्या हिशेबाने १६२० चा. म्हणून अभ्यासक दुहेरी साल लिहितात: जानेवारी १६१९/२०.

सुदैवाने त्या काळचे पुष्कळ लोक स्वतःच दुहेरी साल घालत. वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलमधली जन्माची नोंद पाहा: ११ फेब्रुवारी १७३१/२, सकाळी दहाच्या सुमारास. तिरप्या रेघेनंतरचा तो एकटा '२' पुष्कळ जण शाईचा डाग समजून सोडून देतात. तो आकडा सोडलात तर वॉशिंग्टन एका वर्षाने म्हातारा होतो.

दुहेरी साल नसेल तेव्हा पुरावा कागदातूनच काढायचा. सेलमच्या पहिल्या अटकेचे हुकूम २९ फेब्रुवारीचे आहेत. १६९१ हे लीप वर्ष नव्हते, तेव्हा हा दिवस १६९२ चाच, वाद नाही. आरोपी ठरलेल्या टिट्युबा या गुलाम बाईची पहिली जबानी दुसऱ्या दिवशीची, १ मार्चची. तिथे साल १६९१ धरले तर १० जून १६९२ ला ब्रिजेट बिशपला झालेली, या खटल्यांतली पहिली फाशी सव्वा वर्षानंतरची ठरते. खरे अंतर तीन महिने आणि काही दिवस. त्या गावात भीती किती झपाट्याने पसरली हे या तीन महिन्यांतच कळते, आणि साल चुकले की नेमके तेच हातातून निसटते.

दुसरा पक्का पुरावा वाराचा. पंचांग बदलले तेव्हा तारखा उडाल्या, वार नाही: २ सप्टेंबर १७५२ बुधवार, आणि दुसरा दिवस १४ सप्टेंबर, गुरुवार. फ्रँकलिनचा जन्म जुन्या पद्धतीने ६ जानेवारी १७०५ चा, रविवारचा. आजच्या अर्थाने साल १७०५ धरून वार काढला तर शनिवार येतो; १७०६ धरला की रविवार. वार जुळला की साल जुळले. कागदात वार दिलेला असेल तर हा पडताळा कधीही सोडू नका.

साल ठरल्यावरच दिवसांकडे वळा. फरक नेहमी अकरा दिवसांचा नसतो. जुन्या पद्धतीच्या २८ फेब्रुवारी १६९९/१७०० पर्यंत तो दहा दिवसांचा आहे, त्यानंतर अकरा. १७०० हे वर्ष ज्युलियन पंचांगात लीप होते, ग्रेगोरियनमध्ये नव्हते, त्यामुळे एक दिवस वाढला. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या लोकांचीही इथेच गफलत झाली. त्यांचे पूर्वज ११ डिसेंबर १६२० ला किनाऱ्यावर उतरले. नव्या पद्धतीने तो २१ डिसेंबर. पण १७६९ मध्ये तिथल्या ओल्ड कॉलनी क्लबने हा दिवस पहिल्यांदा साजरा केला तो २२ डिसेंबरला, कारण त्यांनी आपल्या शतकाचा फरक मागच्या शतकाला लावला.

आणखी एक बारीक अडचण आहे. सालाचा नियम आणि दिवसांचा नियम एकाच दिवशी संपत नाहीत. १७५१ हे वर्ष २५ मार्चला सुरू झाले आणि ३१ डिसेंबरलाच संपले. त्यामुळे जानेवारी १७५२ पासून साल आपलेच आहे, तिथे एक मिळवायचा नाही. पण २ सप्टेंबर १७५२ पर्यंत अकरा दिवसांचा फरक मात्र उरतोच.

मग लिहिणारा कोण ते बघा. न्यू ॲमस्टरडॅममधले (आजच्या न्यूयॉर्कमधले) डच आधीपासूनच ग्रेगोरियन तारखा घालत. डच गव्हर्नर स्टायव्हेसंटने शहर इंग्रजांच्या ताब्यात दिले तो दिवस डचांच्या कागदात ८ सप्टेंबर १६६४, इंग्रजांच्या हिशेबाने २९ ऑगस्ट. घटना एकच. डच कागदात दिवस मिळवाल तर फसाल. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी महिन्यांची नावे न लिहिता क्रमांक लिहीत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च. त्याच पंथाच्या विल्यम पेनने आपल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या राज्यव्यवस्थेचा मसुदा 'दुसऱ्या महिन्याच्या' पंचविसाव्या दिवशी, १६८२ मध्ये काढला, आणि तो महिना एप्रिल हे तिथेच लिहिले. सगळे क्वेकर इतके खुलासेवार लिहीत नाहीत.

हे पंचांग आपल्या इतिहासालाही लागू आहे. सुरत आणि मुंबईच्या इंग्रज वखारींचे कागद याच पद्धतीचे. जानेवारी १६६४ मधली महाराजांची सुरतेवरची स्वारी त्यांच्या हिशेबाने १६६३ मध्येच पडते. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीखही ज्युलियन. ग्रेगोरियन १६ जून. शिवकाळातल्या तारखा लावण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना अमेरिकेचे कागद जड जाणार नाहीत.

नोंद करा. मूळ तारीख जशीच्या तशी उतरवा, तिच्यावर हात फिरवू नका. शेजारी वेगळ्या रकान्यात तुम्ही काढलेली तारीख आणि पद्धत लिहा. दुसऱ्याच्या लेखातली तारीख घेताना ती आधीच बदललेली आहे का ते पाहा. वॉशिंग्टनचा २२ फेब्रुवारी, फ्रँकलिनचा १७ जानेवारी, जेफरसनचा १३ एप्रिल, या सगळ्या बदललेल्या तारखा आहेत. त्यांत पुन्हा अकरा मिळवणारे लोक मी पाहिले आहेत. जेफरसनच्या थडग्यावर मात्र २ एप्रिल १७४३ कोरले आहे, पुढे 'ओ. एस.' म्हणजे जुनी पद्धत. नोंद अशी असावी.

पैशाचे आकडे. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. पण वसाहतीचा पौंड हा लंडनचा पौंड नव्हे. एक स्पॅनिश डॉलर लंडनला साडेचार शिलिंग, मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियात सहा, पेनसिल्व्हेनियात साडेसात, न्यूयॉर्कला आठ. कागद कुठला हे न पाहता दोन किमतींची तुलना करू नका.

कुठून सुरुवात करावी. १७५२ नंतरच्या कागदांपासून. ॲबिगेल ॲडम्सचे ३१ मार्च १७७६ चे, नवऱ्याला 'बायकांची आठवण ठेवा' असे बजावणारे पत्र घ्या: तारीख सरळ, मजकूर जिवंत, शुद्धलेखन तिचे स्वतःचे. ते लागले की सेलम, आणि मग व्हर्जिनिया कंपनी.