गिनीपिगच्या नसबंदीनंतर: टाक्यांआधी पोट बघा

नसबंदी करून गिनीपिग घरी आला की घरातले सगळे त्याला उचलून टाके बघतात. टाके बघायचेच, पण पहिल्या तीन दिवसांत खरा धोका पोटाचा असतो. गिनीपिगचं आतडं दिवसरात्र चालत राहण्यासाठी बनलेलं आहे. वरून गवत येत राहिलं तरच आतलं पुढे सरकतं. दुखतंय, भुलीची गुंगी आहे किंवा अंग गार पडलंय म्हणून बारा तास तोंड बंद राहिलं, की आतडं मंदावतं आणि गॅस धरतो. गॅसमुळे पोट दुखतं, आणि दुखतंय म्हणून तो आणखीच खात नाही. हे असंच लांबलं तर यकृतात चरबी साठू लागते, आणि तिथून त्याला परत आणणं फार अवघड असतं.

म्हणून सगळ्यात आधी एक वस्तू घरात हवी: ग्रॅम दाखवणारा, स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा. ऑपरेशनच्या आधीचा आठवडाभर रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. धडधाकट गिनीपिगचं वजनही दिवसभरात वीस-तीस ग्रॅम वरखाली होतं, ते तुम्हाला त्या आठवड्यात कळतं. मग ऑपरेशननंतर नऊशे ग्रॅमचा गिनीपिग ८५० वर आला तर सावध व्हायचं. ८१० म्हणजे दहा टक्के घट. तेव्हा वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय विचारायचं

गिनीपिगला भूल देणं कुत्र्या-मांजरापेक्षा जास्त जोखमीचं आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत भूल दिल्यानंतर ४८ तासांच्या आत दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४, सशांत १.३९ आणि गिनीपिगमध्ये ३.८ टक्के निघालं. यात आजारी जनावरंही धरलेली आहेत, तरुण आणि निरोगी नराचा धोका त्याहून कमी असतो. तरी आकडा माहीत असावा, म्हणजे होकार देताना आपण कशाला होकार देतोय ते कळतं.

पहिला प्रश्न उपाशी ठेवण्याचा. "आदल्या रात्रीपासून काही देऊ नका" असं कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा. तो नियम कुत्र्या-मांजरांचा आहे, भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. गिनीपिगला उलटी होतच नाही. त्याला निघेपर्यंत गवत खाऊ द्यावं. भूल देण्याआधी त्याच्या गालांत साठलेला घास तेवढा डॉक्टर पुसून काढतात.

दुसरा प्रश्न नरांसाठी: जांघेतली वाट बंद करणार का? गिनीपिगच्या पोटातून अंडकोशात उतरणारी वाट आयुष्यभर उघडी असते. अंड काढल्यावर ती टाका घालून बंद केली नाही तर आतडं किंवा चरबी खाली उतरू शकते. ज्यांनी गिनीपिगची ऑपरेशनं केली आहेत ते हे न विचारता सांगतात. तिसरा प्रश्न, वेदनाशामक घरी किती दिवस द्यायचं. "गरज नाही" हे उत्तर स्वीकारू नका. दुखणारा गिनीपिग खात नाही.

आणि दोन नर भांडतात म्हणून नसबंदी करत असाल तर थांबा. त्याने भांडण मिटेलच असं नाही. नराला माद्यांबरोबर पिल्लांची भीती न बाळगता ठेवता यावं, हे नसबंदीचं सगळ्यात चांगलं कारण आहे. माद्यांचं ऑपरेशन पोटातलं, म्हणून जास्त मोठं. ते बहुधा अंडाशयातल्या गाठींसाठी करावं लागतं, आणि तिला सावरायला वेळही जास्त लागतो.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हे ऑपरेशन नको. तिशीच्या वर पारा गेला की धडधाकट गिनीपिगलाही उष्माघात होतो, भुलीतून उठलेल्याची तर गोष्टच वेगळी. पावसाळ्यात माश्यांना आवरावं लागतं: ओल्या, वास येणाऱ्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. पिंजऱ्यावर जाळी टाका.

पहिली रात्र

भुशाचं अंथरूण काढून टाका, भुसा टाक्यांना चिकटतो. खाली वर्तमानपत्र, वर पांढरा सुती टॉवेल किंवा फ्लीस. पांढराच, कारण त्यावर रक्ताचा थेंब, लघवीचा रंग आणि लेंड्या लगेच दिसतात. टॉवेल रोज बदला. चढउताराची फळी, वरचा मजला दहा दिवसांसाठी काढून ठेवा. भुलीनंतर अंग गार पडतं म्हणून गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवा. एकाच कोपऱ्यात, म्हणजे उकडलं तर त्याला बाजूला सरकता येतं.

समोर भरपूर सुकं गवत, ताज्या दूर्वा आणि कोथिंबीर ठेवा. शुद्धीवर आल्यावर काही तासांत त्याने काहीतरी चघळायला हवं. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरा. हुंगून तोंड फिरवणं वेगळं, आणि काडी तोंडात घेऊन टाकून देणं वेगळं. दुसऱ्यात भूक आहे पण वेदना आड येतेय, म्हणजे औषध कमी पडतंय. अंगाचा गोळा करून, केस पिंजारून कोपऱ्यात बसणं, डोळे अर्धे मिटणं, दात कराकरा घासणं ही सगळी दुखण्याचीच लक्षणं. फ्रिजचं दार उघडल्यावर नेहमीची शिट्टी आली की निम्मी काळजी मिटली.

वेदनाशामक म्हणून बहुतेकदा मेलॉक्सिकॅम दिलं जातं. त्याची बाटली हातात घ्या आणि एका मिलीमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते वाचा. वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. दुकानदाराने दुसरीच दिली आणि तुम्ही चिठ्ठीवरचे तेवढेच मिली भरले, तर डोस तिप्पटही होऊ शकतो. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका.

खात नसेल तर भरवायचं कसं

चार-सहा तास काहीच खाल्लं नाही तर भरवायला घ्या. पण आधी पोटावर हात ठेवा. पोट मऊ असेल तरच भरवायचं. ढोलकीसारखं ताणलेलं असेल, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर तोंडात एक थेंबही घालू नका आणि रात्र असली तरी निघा. फुगलेल्या पोटात अन्न ढकललं तर जीव जातो. बाळांचे गॅसचे थेंब इथे एक्स-रेची जागा घेऊ शकत नाहीत.

न खाणाऱ्या गवतखाऊ प्राण्यांना भरवायची, तयार मिळणारी क्रिटिकल केअर पूड सगळ्यात चांगली: एक भाग पूड, दोन भाग कोमट पाणी. ती नसेल तर टिमोथी गवताचे दोन चमचे पेलेट (गवत दाबून केलेले दाणे) चार चमचे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, चहाच्या गाळणीतून गाळा. भाताची पेज, दूध, दही, गूळपाणी, बाळाची खीर यातलं काहीही नको. माणसाच्या आजारपणातलं हे पथ्य गिनीपिगच्या पोटात नको त्या जंतूंचं खाद्य होतं.

एक मिलीची सिरिंज घ्या. टोक अरुंद असतं, त्यात चोथा अडकतो, म्हणून टोक तिरकं कापून कड कानशीने गुळगुळीत करा. गिनीपिगला टॉवेलात गुंडाळून मांडीवर चारी पायांवर बसवा. उताणं कधीच नाही, अन्न फुप्फुसात जातं. सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, बाजूच्या मोकळ्या जागेतून आडवी आत सरकवा आणि अर्धा मिली सोडा. जबडा हलू लागेल. तो चावून गिळेपर्यंत थांबा, मग पुढचा अर्धा. हनुवटी लगेच पुसा, वाळलेलं अन्न कातडीला सोलतं.

अजिबात खात नसलेल्याला दिवसभरात किलोमागे पन्नास ते ऐंशी मिली लागतात. नऊशे ग्रॅमच्या गिनीपिगला साठ मिलीच्या हिशेबाने ५४ मिली, म्हणजे सहा वेळा नऊ-नऊ मिली. रात्रीची एक खेप चुकवू नका. तो थोडं स्वतः खायला लागला की निम्म्यावर या आणि काट्यावर लक्ष ठेवा. हे सगळं ऑपरेशनआधी दोन-तीनदा करून त्याला सवय लावली असेल तर त्या रात्री दोघांचेही हाल कमी होतात.

गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, आणि जखम भरायला ते लागतंच. रोज किलोमागे दहा ते तीस मिलिग्रॅम, आजारपणात त्या वरच्या टोकाला. वीस-पंचवीस ग्रॅम ढोबळी मिरचीत साधारण पंधरा ते वीस मिलिग्रॅम मिळतं. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकू नका, ते उजेडात लवकर निकामी होतात आणि चव बदलली म्हणून तो पाणीच पीत नाही.

लेंड्यांकडे रोज बघा. बारीक, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या झाल्या म्हणजे आतडं मंद आहे. एकही नसेल तर आणखी गंभीर. पाण्यासारखी पातळ झाली तर आधी प्रतिजैविकाचं नाव तपासा. तोंडाने दिलेलं पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं. मागे उरलेल्या क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूच्या विषाने तो काही दिवसांत जातो. त्यांच्याऐवजी एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांचा सर्रास वापर होतो. केमिस्टने "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून काही दिलं तर घटकाचं नाव वाचून मगच घ्या.

जखमेवरची सूज ओळखताना

नराला दोन-तीन दिवस अंडकोशाच्या दोन्ही बाजूंना सारखी, मऊसर सूज असते, ती रोज थोडी उतरते. एकाच बाजूला फुगवटा आला, तो कधी मोठा कधी लहान होत असेल, हलक्या बोटाने आत गेल्यासारखा वाटत असेल, तर हर्नियाचा, म्हणजे जांघेतल्या वाटेने आतडं किंवा चरबी उतरल्याचा, संशय घ्या. पुन्हा पुन्हा दाबून बघू नका. तो कडक झाला आणि खाणं सुटलं, तर आतडं अडकलंय. ही तासांची गोष्ट असते.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर, कधी दोन आठवड्यांनीही, गरम आणि घट्ट गाठ लागली तर ते गळू असतं. नरांत हा त्रास बऱ्यापैकी आढळतो, कारण अंडकोशाची पिशवी जमिनीला घासत, लघवीत भिजत असते. त्यातला पू चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. घरी पिळला तर आतली पिशवी फुटून तो पसरतो. डॉक्टरांनी उघडून धुवावं किंवा गाठ पिशवीसकट काढावी लागते. निव्वळ गोळ्यांनी ती बरी होईल अशी आशा धरू नका. हळद, मलम, जखमेची पावडर काहीच लावू नका, तो ते चाटणार. टाके सुटलेच तर ओलसर स्वच्छ गॉज ठेवून निघा. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात ते भोंगं शक्यतो टाळा: त्याला मागे वळून स्वतःच्या मऊ लेंड्या खाता येत नाहीत, आणि त्या खाणं त्याच्या पचनाचा भाग आहे.

जखम बरी झाली म्हणून नराला लगेच माद्यांत सोडू नका. आधीचं बीज शरीरात शिल्लक असतं. सहा आठवडे जाळीच्या पलीकडे ठेवा, तेवढ्यात एकमेकांचा वास-आवाज तर मिळत राहतो.

तो गेला तर

सगळं नीट करूनही काही जातात. भुलीतून उठतच नाहीत, किंवा दुसऱ्या रात्री शांतपणे थांबतात. त्या क्षणी स्वतःला दोष द्यायला शंभर कारणं सापडतात. खरं कारण हवं असेल तर शवविच्छेदन हाच मार्ग आहे, आणि त्यासाठी वेळ थोडा असतो. देह कापडात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासता येत नाहीत. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या विकृतीशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाला आधी फोन करून विचारा आणि शक्यतो चोवीस तासांत पोहोचा. डॉक्टरांकडून भुलीचं औषध, मात्रा आणि वेळा यांची नोंद मागून घ्या. भांडण्यासाठी नाही, तर घरातल्या दुसऱ्या गिनीपिगवर कधी वेळ आली तर ती लागेल म्हणून.

पुरायचं असेल तर दोन फूट खोल, विहिरीपासून लांब, प्लास्टिक काढून, वर जड दगड ठेवून. नाहीतर कुत्री उकरतात. घरातल्या लहान मुलांना "झोपला" सांगू नका. "मेला, आता परत येणार नाही" एवढं सरळ सांगा आणि पुरताना मूठभर माती त्यांनाही टाकू द्या.

जोडीदार मागे राहिला असेल तर देह नेण्याआधी तास-दोन तास त्याच्यापाशी ठेवा. तो हुंगेल, ढोसेल, मग आपणच बाजूला होईल. आजार संसर्गाचा असल्याचा संशय असेल तर मात्र हे करू नका. काहीजण त्यानंतर जोडीदाराला शोधत शिट्ट्या मारत नाहीत, नुसते गप्प होतात, आणि गप्प झालेलाच जास्त धोक्यात असतो. त्याचं वजन पुढचे दोन आठवडे रोज करा, आणि भरवण्याचा नियम त्यालाही तोच.

गिनीपिग एकटा राहण्यासाठी नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे. नवा जोडीदार आणताना तो दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, दुकानातून खरूज आणि नायटा सर्रास येतात. मग दोघांनाही अनोळखी असलेल्या जागेत, जमिनीवर मोठ्या चादरीवर, दोन वाट्या, दोन बाटल्या आणि दोन्हीकडून बाहेर पडता येईल असे आडोसे ठेवून भेट घडवा. पहिला आठवडा दोघांचंही वजन करा. एकाचं घसरत असेल तर दुसरा त्याला गवतापाशी येऊ देत नाही. गवताचा आणखी एक ढीग पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.